गावातल्या शेती अनुदानाचा हिशेब: यादी कुठे शोधायची, कशी वाचायची आणि कागद कसे मागायचे

‘आमच्या गावात आजपर्यंत ज्यांना ज्यांना अनुदान मिळाले त्या सर्वांची संपूर्ण माहिती मिळावी.’ असा एका ओळीचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात पडतो आणि महिन्याने उत्तर येते: ‘मागितलेली माहिती सुस्पष्ट नाही.’ अर्जदार चिडतो, माहिती दाबली म्हणतो. काही ठिकाणी ती दाबलीही जाते. पण बहुतेक अर्ज फसतात ते योजना, वर्ष आणि कार्यालय या तीन गोष्टी आधी न ठरवल्यामुळे. दुसरी चूक याहून वाईट: भ्रमणध्वनीवर यादी उघडायची, शेजाऱ्याचे नाव दिसले की तिचे छायाचित्र गावाच्या ग्रुपवर टाकायचे आणि मग कागद शोधायला निघायचे. क्रम उलटा झाला की खरी तक्रारही खोटी ठरते.

आधी तुमचा हक्क नेमका कुठे लिहिला आहे ते पाहून ठेवा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मधल्या बाराव्या मुद्द्यानुसार अनुदान कार्यक्रम कसा राबवला, किती रक्कम वाटपासाठी ठेवली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहे. पुढे हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

१. पैसा कुठल्या खिशातला, ते ओळखा

‘अनुदान’ हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या पैशांना वापरतो. प्रत्येकाचे दप्तर वेगळ्या कार्यालयात असते.

केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० हे थेट खात्यावर येणारे हप्ते आहेत. त्यांची नोंदणी आणि पाठपुरावा कृषी विभागाकडे, तर जमिनीच्या नोंदींची खातरजमा महसूल विभागाकडे असते. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ठिबक, तुषार, फळबाग यांचे अनुदान राज्याच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवरून मिळते. त्याचे कागद तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. नव्या विहिरीसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना यांची कामे जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे असतात, म्हणजे तालुक्याला पंचायत समितीत चौकशी करायची. अतिवृष्टी, गारपीट, पूर यांची मदत तहसील कार्यालयातून मिळते.

पीक विम्याची भरपाई यात धरू नका. ती कंपनीने दिलेली नुकसानभरपाई असते. सरकारचे अनुदान त्यात विमा हप्त्यापुरते असते आणि ते कंपनीला जाते.

तपासणी: एका चिठ्ठीवर योजना, आर्थिक वर्ष, गाव आणि कार्यालय या चार गोष्टी लिहा. एखादी रिकामी राहत असेल तर पुढे जाऊ नका. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते. जुलैच्या अतिवृष्टीची मदत पुढच्या एप्रिलनंतर खात्यावर आली असेल, तर नुकसान एका वर्षात आणि खर्च दुसऱ्या वर्षात दिसेल.

२. हाताशी काय ठेवायचे

ताजा सातबारा आणि आठ-अ, शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी), पीएम किसानचा नोंदणी क्रमांक, आधारला जोडलेला मोबाइल आणि आजपर्यंतच्या नोंदी छापून घेतलेले पासबुक. नोंदणी क्रमांक हरवला असेल तर पीएम किसानच्या संकेतस्थळावरच तो शोधण्याची सोय आहे. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल तर आधी तो काढा. राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो बंधनकारक आहे.

इशारा: ‘पीएम किसान यादी’ किंवा ‘नमो हप्ता’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर ती उघडायची नाही, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. त्याचाही फोन ताब्यात गेलेला असू शकतो. यादी पाहायला कुठलेही अ‍ॅप लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

३. सुरुवात स्वतःच्या नावापासून

याची दोन कारणे आहेत. स्वतःचा हप्ता कुठे अडला हे पाहताना पैशाची सगळी वाट कळते. आणि दुसऱ्याच्या पात्रतेवर बोट ठेवण्याआधी आपल्या घरात अपात्र नाव नाही ना, हे माहीत असायला हवे. घरात नवरा आणि बायको दोघेही पीएम किसानचा हप्ता घेत असतील, किंवा कोणी प्राप्तिकर भरत असेल, तर ते आधी निस्तरा. लाभ स्वेच्छेने सोडण्याची आणि घेतलेली रक्कम परत भरण्याची सोय संकेतस्थळावर आहे.

स्वतःची स्थिती उघडल्यावर तीन ओळी वाचायच्या: जमिनीची नोंद जोडलेली आहे का, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) झाली आहे का, आणि बँक खाते आधारशी संलग्न आहे का. जमिनीपुढे ‘नाही’ असेल तर तहसील आणि तालुका कृषी कार्यालय गाठा. ई-केवायसी सेवा केंद्रात किंवा घरबसल्या होते. सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या ओळीत असतो.

बँकेत आधारकार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे खाते संलग्न झाले, असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. थेट लाभ हस्तांतरणाचा पैसा आधार क्रमांकावरून जातो आणि कोणत्या आधारला कोणती बँक जोडली आहे, याची नोंद राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे असते. शेवटी ज्या बँकेची जोडणी नोंदली गेली, तिथेच पैसा जातो. त्यामुळे ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्याचे हप्ते अनेकदा पेमेंट बँकेच्या एखाद्या विसरलेल्या खात्यात साठलेले निघतात. सिमकार्ड घेताना ते खाते उघडलेले असते आणि आता लक्षातही नसते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. बँकेचे नाव तिथेच कळते.

ठिबकचे किंवा अवजाराचे अनुदान असेल तर अर्ज कुठल्या पायरीवर आहे ते पाहा: निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती (खरेदीआधीची मंजुरी), बिल अपलोड, मोका तपासणी (जागेवर जाऊन पाहणी), मग अनुदान. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल असेल तर अनुदान अडते. दुकानदार ‘घेऊन ठेवा, नंतर बघू’ म्हणतो. घेऊ नका.

तपासणी: हप्त्याच्या स्थितीत निधी हस्तांतरणाचा आदेश निघाल्याचे दिसते, म्हणजे पैसा जमा झाला असे नाही. आदेश निघूनही व्यवहार परत जाऊ शकतो. खरी नोंद पासबुकातली.

४. गावाची यादी उघडा

पीएम किसानची यादी पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन वर ‘फार्मर्स कॉर्नर’मध्ये आहे. ‘बेनिफिशियरी लिस्ट’ निवडून राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव भरले की नावे येतात. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव किंवा अहिल्यानगर सापडले नाही तर जिल्ह्याचे जुने नाव शोधा. या यादीत नाव असते, पण प्रत्येकाला किती हप्ते मिळाले हे कळत नाही.

महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर निधी वितरित झालेल्या लाभार्थ्यांची यादी असते. तिच्याबरोबर निवडयाद्याही पाहा. निवड झालेले आणि पैसे मिळालेले यांत फरक असतो. निवडीनंतर बरेच जण कागद देत नाहीत किंवा वस्तू घेत नाहीत, म्हणून ‘निवडयादीत शंभर, पैसे साठांनाच’ हा घोटाळ्याचा पुरावा होत नाही.

आपत्तीच्या मदतीची यादी विशिष्ट क्रमांकासह गावात लागते; लोक तिला ‘व्हीके नंबरची यादी’ म्हणतात. ती ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे म्हणजे तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत पाहायला मिळते. तो क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करायला सांगितले असेल, तर ते झाल्याशिवाय पैसा सुटत नाही. यादीत नाव असूनही रक्कम नाही, अशी तक्रार आली की आधी हेच विचारा.

यादी मिळाली की तारखेसह छापून किंवा पीडीएफ करून ठेवा. पोर्टलवरची यादी बदलत असते. उद्या तेच पान उघडून दाखवता येईल, या भरवशावर राहू नका.

५. यादी वाचायची कशी

खरे कसब इथे लागते, आणि घाई होते तीही इथेच.

इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरीत उतरलेली नावे बिघडलेली असतात. एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असतात. म्हणून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि गट क्रमांक हे तिन्ही जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नका.

एका सातबाऱ्यावरच्या दोन भावांना पीएम किसानचा हप्ता मिळतो, यात चूक नाही. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले. भावाचे कुटुंब वेगळे. चूक तेव्हा, जेव्हा एकाच कुटुंबातले दोघे घेतात. किंवा जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली असते. वारसाहक्काने आलेल्या जमिनीला ही तारीख आड येत नाही. महिना १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, सरकारी नोकर, प्राप्तिकर भरणारे, व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल हे अपात्र आहेत. मात्र चतुर्थ श्रेणी कर्मचारी पात्र आहेत. शाळेतला शिपाई यादीत दिसला म्हणून बोभाटा करू नका.

ठिबकच्या रकमेबाबत वेगळी गल्लत होते. राज्यात केंद्राचे आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेचे पूरक अनुदान मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतात. हे टक्के बिलावर नसतात. क्षेत्र आणि दोन ओळींतले अंतर यांवरून जो खर्चाचा मापदंड ठरतो त्यावर असतात. तेव्हा बिलाच्या ८० टक्क्यांपेक्षा रक्कम कमी दिसली तर कोणी मधे खाल्ली असे लगेच समजू नका. पूर्वसंमतीतले क्षेत्र आणि मोका तपासणीतले क्षेत्र ताडून पाहा. गडबड असेल तर बहुधा तिथे सापडते: कागदावर एक हेक्टर, रानात वीस गुंठ्यांवर नळ्या.

आपत्तीच्या मदतीचा हिशेब तर घरी करता येतो. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० असा दर आहे; नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवे आणि मर्यादा २ हेक्टरची. कोरडवाहू सोयाबीन ८० आर, म्हणजे ०.८० हेक्टर, बाधित असेल तर ०.८० गुणिले ८,५०० म्हणजे ६,८०० रुपये. राज्य सरकार कधी दर किंवा मर्यादा वाढवते, म्हणून त्या त्या आपत्तीचा शासन निर्णय समोर ठेवा. बाधित क्षेत्र पंचनाम्यातले घ्यायचे, सातबाऱ्यावरचे सगळे नाही. आणि एकराला हेक्टर समजू नका. अडीच पटींचा फरक पडतो.

तपासणी: संशयाची यादी बनवताना प्रत्येक नावापुढे ‘कुठला नियम मोडला’ हे लिहा. नियम लिहिता येत नसेल तर नाव खोडा.

६. माहिती अधिकाराचा अर्ज

पोर्टलवर जे नाही त्याच्यासाठी हा अर्ज. पण आधी कार्यालयात जाऊन तोंडी विचारा: ‘कलम ४ खालची लाभार्थी यादी कुठे लावली आहे?’ काही कार्यालयांत ती धारिका (फाइल) तिथल्या तिथे मिळते आणि महिना वाचतो.

राज्यात अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली तर शुल्क नाही. अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. दोन योजना असतील तर दोन अर्ज. माहिती कशासाठी हवी हे लिहायची गरज नाही आणि लिहूही नका. ऑनलाइन अर्जाचे पोर्टल आहे, पण आपल्या तालुक्याचे कार्यालय त्यात आहे का ते आधी पाहा. नसेल तर समक्ष देऊन पोच घ्या.

ठिबक-तुषारच्या अनुदानासाठी मजकूर असा ठेवा:

‘विषय: प्रति थेंब अधिक पीक योजना, मौजे (गाव), आर्थिक वर्ष २०२४-२५.
१) या गावातील ज्या लाभार्थ्यांना अनुदान वितरित झाले त्यांची नावे, गट क्रमांक, मंजूर क्षेत्र, अनुदान रक्कम व वितरणाचा दिनांक दर्शवणारी यादी.
२) वरील प्रकरणांतील पूर्वसंमतीपत्रे व मोका तपासणी अहवाल यांच्या छायांकित प्रती.
३) वरील धारिकांची पाहणी करण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.
आधार क्रमांक व बँक खाते क्रमांक वगळून माहिती द्यावी. माहिती अधिनियमाच्या कलम ४(१)(ख)(बारा) अन्वये स्वतःहून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे.’

शेवटची दोन वाक्ये वगळू नका. ‘का दिले?’, ‘योग्य आहे का?’, ‘कारवाई करणार का?’ असे प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात असलेले कागद मिळतात, मते आणि खुलासे नाहीत. ‘सन २००५ पासून आजपर्यंत’ असेही लिहू नका; विस्तृत माहिती म्हणून अर्ज अडवायला ते आयते कारण होते.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे कलम ६(३) प्रमाणे त्यांचे काम आहे. तुम्हाला परत पाठवून ‘तिकडे अर्ज करा’ म्हणणे नियमाला धरून नाही.

७. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर

हे उत्तर आता जास्त येणार, म्हणून नीट समजून घ्या. कलम ८(१)(ञ) पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणात विनाकारण घुसणारी वैयक्तिक माहितीच अडवत होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने ते बदलले आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आता त्या कलमात सरसकट ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. माझ्या मते सामान्य माणसाचे यात मोठे नुकसान झाले आहे. सार्वजनिक पैसा घेणाऱ्याचे नावही झाकायला आता हात पोचतो.

तरी दार बंद झालेले नाही. कलम ४(१)(ख)(बारा) जसेच्या तसे आहे. कलम ८(२) प्रमाणे लोकहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. कलम १० प्रमाणे देण्याजोगा भाग वेगळा काढून द्यायचा असतो; म्हणूनच आधार आणि खाते क्रमांक वगळा, असे आपण आधीच लिहिले. अपिलात ही तिन्ही कलमे याच क्रमाने मांडा.

एखाद्याचे प्राप्तिकर विवरणपत्र मात्र मागू नका. ते खासगी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच म्हटले आहे. त्याऐवजी विचारा: तालुक्यात प्राप्तिकर भरणारे म्हणून किती लाभार्थी अपात्र ठरवले, किती नोटिसा दिल्या, किती रक्कम वसूल झाली. देशभरात २०.४८ लाख अपात्रांना पीएम किसानचे १,३६४ कोटी रुपये गेले, ही गोष्ट जानेवारी २०२१ मध्ये अशाच माहिती अधिकाराच्या उत्तरातून बाहेर आली. त्यासाठी एकाही शेतकऱ्याचे विवरणपत्र लागले नाही.

८. मुदती आणि अपील

उत्तराला ३० दिवस. मुदत उलटली तर कलम ७(६) प्रमाणे प्रती फुकट द्याव्या लागतात. उत्तर नाही, अर्धवट आहे किंवा नकार आहे, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील: जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. तिथेही काम झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील, जोडपत्र ‘क’.

लोक हरतात ते तारखांत. अर्जाची पोच, उत्तराचे पाकीट आणि त्यावरचा टपालाचा शिक्का एकत्र टाचून ठेवा. पाकीट फेकले की उत्तर कधी मिळाले हे सिद्ध करता येत नाही.

पाहणीची तारीख मिळाली तर नक्की जा. पहिल्या तासाला शुल्क नसते. बरोबर एक जाणकार न्या आणि धारिकेत मोका तपासणीचा फोटो, त्यावरची तारीख, बिल आणि पूर्वसंमती यांचा क्रम लागतो का ते पाहा. हव्या त्या पानांचे क्रमांक लिहून प्रती मागा. प्रत पानाला २ रुपये.

९. सापडलेल्या माहितीचे काय करायचे

ग्रुपवर पूर्ण यादी टाकू नका. चुकून आधार किंवा खाते क्रमांक उघडा राहिलेली प्रत हाती आली तर तो आधी काळ्या शाईने झाका. आधार क्रमांक जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे.

तक्रार लेखी करा. एका तक्रारीत एक प्रकरण, त्यात मोडलेला नियम, सोबत कागदाची प्रत. ती तालुका कृषी अधिकाऱ्याला किंवा तहसीलदाराला द्या, वर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याला किंवा जिल्हाधिकाऱ्याला प्रत पाठवा, आणि आपले सरकारच्या तक्रार पोर्टलवर नोंदवून क्रमांक घ्या.

ग्रामसभेत विषय मांडायचा असेल तर सभेत उठून ओरडण्यापेक्षा सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या: ‘गावातील कृषी योजनांच्या लाभार्थी याद्यांचे वाचन हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना उपस्थित राहण्यास कळवावे.’ पत्राची पोच घ्या. वाचन झाले की कोणत्या नावावर काय हरकत आली ते इतिवृत्तात त्याच वेळी लिहून घ्यायला लावा आणि इतिवृत्ताची प्रत अर्ज करून मागा. ही प्रत तक्रारीला जोडता येते.